स्वतःचाच खंड भरणारा कवी : जॉर्ज मोझेस हॉर्टन

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचा नवा आराखडा मंजूर केला आणि त्यातल्या एका वाक्यावरून देशभर गदारोळ उठला. वाक्याचा आशय असा : गुलामांनी काही कौशल्यं मिळवली आणि काही वेळा ती त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली. समर्थक म्हणाले, यात खोटं काय आहे? गुलामांमध्ये लोहार होते, सुतार होते, शिंपी होते. विरोधक म्हणाले, हा गुलामगिरीला दिलेला मुलामा आहे. वाद लवकर विझला नाही.

दुरून पाहणाऱ्याला हे प्रकरण कोड्यात टाकतं. गुलामाला फायदा होऊ शकतो का? गुलाम पैसे कमवू शकतो का? कमावले तर ते कुणाचे? अशा प्रश्नांची उत्तरं तत्त्वाच्या पातळीवर शोधण्यापेक्षा एक माणूस समोर ठेवावा, असं मला वाटतं. तोही असा निवडावा, की समर्थकांनाही तक्रार करायला जागा राहू नये.

जॉर्ज मोझेस हॉर्टन हा तो माणूस. नॉर्थ कॅरोलायना राज्यातला गुलाम. कविता विकून तो पैसे मिळवत असे. १८२९ साली त्याचा कवितासंग्रह निघाला, तेव्हा त्याला लिहिताही येत नव्हतं. विद्यापीठाच्या गावात त्याला सगळे ओळखत, प्राध्यापकाची बायको त्याच्या कविता उतरवून घेई, राज्याच्या गव्हर्नरने त्याच्यासाठी शब्द टाकला होता. कौशल्य स्वतःच्या फायद्यासाठी वापरणारा गुलाम म्हणून याच्यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं अवघड. आणि तरीही वयाच्या सदुसष्टीपर्यंत तो गुलामच राहिला. हे कसं, ते नीट पाहू.

गुलाम म्हणजे कायद्याच्या लेखी काय?

एक शब्द सुरुवातीलाच पक्का करून घेऊ : जंगम मालमत्ता. घर-जमीन ही स्थावर; दागिने, गुरं, गाडी ही जंगम, म्हणजे हलवता येणारी. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बहुतेक राज्यांत गुलाम या दुसऱ्या प्रकारात मोडत. त्यांना विकता येई, गहाण टाकता येई, भाड्याने देता येई, मृत्युपत्रात लिहून ठेवता येई. मालमत्तेला मालमत्ता बाळगता येत नाही, म्हणून गुलामाच्या खिशातला पैसाही कायद्याने त्याचा नव्हे. मालमत्ता करार करू शकत नाही, म्हणून त्याच्याशी झालेल्या कुठल्याही बोलीला कोर्टात किंमत नाही. त्याच्या लग्नाला कायद्याची मान्यता नाही. आणि मूल आईच्या मालकाचं.

हॉर्टनच्या आयुष्यात ही सगळी कलमं एकेक करून उतरलेली दिसतात. १७९८ च्या सुमारास नॉर्थॅम्प्टन परगण्यात विल्यम हॉर्टन नावाच्या शेतकऱ्याच्या तंबाखूच्या मळ्यावर तो जन्मला. दहा भावंडांतला सहावा. आडनाव मालकाचंच. तो लहान असताना मालकाने बिऱ्हाड चॅथम परगण्यात हलवलं, तिथे त्याच्या वाट्याला गुरं राखणं आलं, आणि ते काम त्याला मनापासून नावडत असे. १८१४ मध्ये म्हाताऱ्या विल्यमने आपले काही गुलाम नातलगांत वाटले. वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली. जॉर्ज ज्याच्या चिठ्ठीत निघाला तो विल्यमचा मुलगा जेम्स. घरची माणसं एकीकडे आणि हा दुसरीकडे.

पुढे तिसेक वर्षांनी त्याने मालकाच्या इस्टेटीच्या वाटणीवर एक कविता केली. मालक गेल्यावर गोठ्यातली जनावरं सैरभैर होतात आणि त्याच अंगणात माणसं उभी असतात, कोण कुणाच्या वाट्याला जाणार या धास्तीने. या कवितेत तो कुणाला शिव्याशाप देत नाही. जनावरं आणि माणसं एकाच यादीत ठेवतो, तेवढंच करतो.

त्याची बायको फ्रँकलिन स्नाइप्स या दुसऱ्या मालकाची गुलाम होती. त्यांना दोन मुलं झाली. मुलीचं नाव ऱ्होडी, मुलाचं फ्री, म्हणजे मुक्त. दोघांचं आडनाव स्नाइप्स.

वाचायला शिकला कसा, आणि लिहिता येत नसताना कवी कसा?

हॉर्टन लहान होता तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात गुलामाला अक्षरओळख करून देणं हा अजून गुन्हा ठरला नव्हता. पण शिकवणार कोण? १८४५ च्या आपल्या संग्रहाला त्याने छोटं आत्मकथन जोडलं आहे, त्यात तो सांगतो : कुठून तरी मिळालेली जुनी, फाटकी अंकलिपी, रविवारची सुटी, आणि रात्री काटक्या-झाडाच्या सालींच्या जाळापुढे बसून धुरात डोळे चोळत ओळखलेली अक्षरं. मग बायबलचा नवा करार आणि आईकडचं वेस्ली या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या स्तोत्रांचं पुस्तक. वाचायला आलं, लिहिणं मात्र राहिलं ते राहिलंच, कारण वाचन चोरूनमारून जमतं, लिहायला कागद, शाई आणि टेकायला जागा लागते.

त्या स्तोत्रांचा ठसा त्याच्या कवितेवर शेवटपर्यंत राहिला. इंग्रजी स्तोत्रांची एक ठरलेली चाल आहे : एक ओळ आठ अक्षरांची, पुढची सहाची, पुन्हा आठ, पुन्हा सहा. देवळात जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानात ती बसलेली. हॉर्टनने स्वातंत्र्यावरची आपली सर्वांत गाजलेली कविता याच मोजमापात बांधली. "हाय, यासाठीच का माझा जन्म, ही गुलामीची बेडी वागवायला?" अशी तिची सुरुवात. गोऱ्या वाचकाने ती वाचली, की त्याच्या ओठांवर आपोआप रविवारच्या प्रार्थनेची चाल येणार. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

लिहिता येत नसताना कविता करायची तर ती डोक्यातच करावी लागते आणि तिथेच ठेवावी लागते. नांगराच्या मुठीला हात लावून चालताना कडवी जुळवायची, आठवडाभर घोळवायची आणि शनिवार-रविवारी कुणाला तरी सांगून उतरवून घ्यायची. निरक्षर माणसाने कविता रचणं यात मराठी वाचकाला नवल वाटायचं कारण नाही. जात्यावर बसणाऱ्या आपल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या तेच केलं. हॉर्टनची गोष्ट वेगळी होते ती पुढे, बाजारात.

चॅपेल हिलचा बाजार

मालकाच्या शेतापासून सुमारे आठ मैलांवर चॅपेल हिल. तिथे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, १७९५ पासून चालू. विद्यार्थी बहुतेक जमीनदारांची पोरं. विशीत आलेला हॉर्टन फळं विकायला तिथे पायी जाऊ लागला. आवारात येणाऱ्या गुलामांची थट्टा करणं, त्यांना उभं करून भाषण ठोकायला लावणं हा त्या पोरांचा करमणुकीचा प्रकार. हॉर्टनलाही त्यांनी उभं केलं. काही दिवस त्याने वाट्टेल ते भाषण ठोकलंही. मग त्याची त्यालाच लाज वाटली आणि त्याने सांगितलं, मी कविता करतो.

कुणाचा विश्वास बसेना. म्हणून परीक्षा झाली आद्याक्षरी कवितेची. आद्याक्षरी म्हणजे प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर वरून खाली वाचत गेलं की एखादं नाव तयार होतं. त्या काळी प्रेयसीला द्यायला ही फार मानाची भेट. हॉर्टनने ती जमवून दाखवली आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं सुरू झाली. साध्या कवितेला २५ सेंट, जरा मोठीला ५०, एखादा हौशी असेल तर ७५. व्हर्जिनिया, साऊथ कॅरोलायना, जॉर्जिया इथल्या नामांकित सुंदरींच्या नावांवर मी कविता रचल्या, असं तो आत्मकथनात थोड्या तोऱ्यातच सांगतो.

त्यातलं एक दृश्य डोळ्यांसमोर आणण्यासारखं आहे. गुलाम उभा राहून कविता सांगतो आहे आणि जमीनदाराचा मुलगा बसून त्याचा लेखनिक झाला आहे. मुलाचं प्रेम गुलामाच्या शब्दांत निघतं आहे. त्या मुलीला ती कविता कुणाची म्हणून मिळत असेल, हे सांगायला नको.

पोरांनी पैसे दिले, चांगले कपडे दिले, दारूही पाजली. दारूच्या त्या सवयीबद्दल पुढे त्याने स्वतःच खंत लिहिली आहे. आणि पुस्तकं दिली. व्याकरण, शब्दकोश, मिल्टन, होमर आणि व्हर्जिलचे काही भाग, शेक्सपिअर आणि बायरनचे वेचे, भूगोल. विद्यापीठाच्या इमारती गुलामांच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या. त्याच आवारात एका गुलामाचं हे खाजगी शिक्षण चाललं होतं. फी उलट्या दिशेने, विद्यार्थ्याकडे येत होती.

स्वतःला खंडाने घेणं म्हणजे काय?

आता गोष्टीचा गाभा. १८३० च्या दशकात हॉर्टनने मालकाशी एक बोली केली. दररोज २५ सेंट जेम्स हॉर्टनला द्यायचे आणि त्या बदल्यात दिवस आपला. शेतावर जायचं नाही, चॅपेल हिलला राहायचं, कविता विकायच्या, विद्यापीठात पडेल ते काम करायचं. या पद्धतीला तिकडे "आपला वेळ भाड्याने घेणं" म्हणत. आपण खंड म्हणू.

पुण्या-मुंबईत ज्याच्याकडे स्वतःची रिक्षा नाही तो चालक मालकाला दिवसाचं ठरलेलं भाडं देतो. धंदा होवो न होवो, भाडं चुकत नाही. वर उरेल ते त्याचं. हॉर्टनचा व्यवहार दिसायला तसाच होता, पण इथे चालकही तोच आणि रिक्षाही तोच. रिक्षावाला कंटाळला तर किल्ली मालकाच्या हातावर ठेवून घरी जाऊ शकतो. हॉर्टनने किल्ली कुणाच्या हातावर ठेवायची?

आणि ही बोली तोंडी होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्याने गुलामाला असा त्याचा वेळ भाड्याने द्यायला मालकांना अठराव्या शतकातच मनाई केली होती. मालकांच्या सोयीचं असल्यामुळे ते सर्रास चाले एवढंच. म्हणजे मालकाने उद्या शब्द फिरवला तर हॉर्टनला दाद मागायला जागा नाही. १८४३ मध्ये जेम्स मेला, मुलगा हॉल हॉर्टन मालक झाला आणि त्याने दर दुप्पट केला : रोजचे ५० सेंट. हॉर्टन तेव्हा पंचेचाळिशीचा. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर आधी ७५ डॉलर आणि मग १५० डॉलर, फक्त स्वतःच्या शरीरात वावरण्याचं भाडं म्हणून.

फ्लोरिडाच्या त्या वाक्यातली पहिली फट इथे दिसते. हॉर्टनची कला वाढली तसं त्याचं उत्पन्न वाढलं हे खरं. पण उत्पन्न वाढलं म्हणजे मालकाच्या मालमत्तेचं मोल वाढलं. मेहनती, हुशार, कसबी गुलाम बाजारात महाग. लोहार साध्या मजुरापेक्षा महाग. कौशल्य मिळवणारा गुलाम स्वतःच्या सुटकेची किंमत स्वतःच्या हाताने चढवत असे.

मग पैसे जमवून तो सुटला का नाही?

प्रयत्न झाले, आणि ते लहान नव्हते. १८२६ मध्ये आधुनिक भाषांचा प्राध्यापक निकोलस हेंट्झ चॅपेल हिलला आला. त्याची बायको कॅरोलिन ली हेंट्झ लेखिका होती. तिने हॉर्टनच्या कविता उतरवून घेतल्या, चुका दाखवल्या आणि १८२८ मध्ये स्वातंत्र्यावरची ती कविता आपल्या माहेरगावी, मॅसॅच्युसेट्समधल्या लँकेस्टरच्या वर्तमानपत्राला पाठवली. ती छापून आली. त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या 'फ्रीडम्स जर्नल'ने, कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या देशातल्या पहिल्या वृत्तपत्राने, हॉर्टनच्या सुटकेसाठी पैशांचं आवाहन केलं. गव्हर्नर जॉन ओवेनने मध्यस्थी केली. बाजारभावापेक्षा जास्त देऊ केलं, तरी जेम्स हॉर्टन बधला नाही.

मग ठरलं की पुस्तक काढायचं. १८२९ मध्ये राजधानी रॅलेत जोसेफ गेल्सच्या छापखान्याने 'द होप ऑफ लिबर्टी' हा छोटेखानी संग्रह छापला. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक प्रसिद्ध होण्याची ही पहिलीच वेळ. (फिलिस व्हीटली या बॉस्टनच्या गुलाम कवयित्रीचं पुस्तक त्याआधी ५६ वर्षं निघालं होतं, पण ते लंडनला.) विक्रीतून येणाऱ्या पैशात हॉर्टनला विकत घ्यायचं आणि लायबेरियाला, म्हणजे मुक्त कृष्णवर्णीयांसाठी पश्चिम आफ्रिकेत वसवलेल्या वसाहतीत, पाठवायचं असा बेत. पैसे पुरेसे जमले नाहीत.

जमले असते तरी मालकाने 'हो' म्हणायला हवं होतं. हा मुद्दा सहज निसटतो. गुलामाची किंमत देणारा तयार असला म्हणून मालकावर विकण्याची सक्ती नव्हती.

आणि मग राज्याने दारं बंद करायला सुरुवात केली. याच राज्यातल्या विल्मिंग्टनमध्ये जन्मलेल्या डेव्हिड वॉकरने १८२९ मध्ये बॉस्टनहून गुलामांना उठावाचं आवाहन करणारी पुस्तिका काढली आणि ती बंदरांतून दक्षिणेत झिरपू लागली. १८३० मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने गुलामांना वाचायला-लिहायला शिकवणं गुन्हा ठरवलं. शिकवणारा गोरा असेल तर दंड किंवा तुरुंग, मुक्त कृष्णवर्णीय असेल तर तेच किंवा फटके, गुलाम असेल तर उघड्या पाठीवर ३९ फटके. अंकगणित तेवढं वगळलं होतं. हिशेब येणारा गुलाम मालकाच्या कामाचा असतो. मुक्ततेचे नियमही त्याच सुमारास आवळले : मालकाला मोठा जामीन भरावा लागे आणि मुक्त झालेल्याने नव्वद दिवसांत राज्य सोडायचं. वर्षभरातच, ऑगस्ट १८३१ मध्ये, हॉर्टनच्या जन्मपरगण्याला लागून असलेल्या, व्हर्जिनियातल्या साऊदॅम्प्टनमध्ये नॅट टर्नर या गुलामाचा उठाव झाला आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांची झोप उडाली.

हॉर्टन लिहायला शिकला तो नेमक्या या काळात. शिकवणं गुन्हा झाल्यावर.

इथे थोडं थांबून एक जवळची गोष्ट आठवते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना कौतुकाने अर्पण केलं. मराठी माणसाची अमेरिकन गुलामगिरीशी ओळख बहुधा त्या अर्पणपत्रिकेतून होते, आणि ती सोडवणाऱ्यांना उद्देशून आहे. सुटू पाहणाऱ्यांच्या तोंडचं साहित्य तेव्हा उपलब्ध होतं. हॉर्टनच्या पहिल्या पुस्तकालाच चव्वेचाळीस वर्षं झाली होती. ते आपल्याकडे अजूनही फारसं पोचलेलं नाही.

पळून का गेला नाही?

हा प्रश्न वाचकाच्या मनात येतोच. त्यात कधीकधी एक बारीक आरोपही दडलेला असतो : इतकं मोकळं फिरायला मिळत होतं तर आठ मैल सोडून आठशे मैल का नाही चालला?

चॅपेल हिल राज्याच्या मध्यावर आहे. गुलामगिरी नसलेल्या राज्यात पोचायचं तर उत्तरेला अख्खा व्हर्जिनिया ओलांडायचा, वाटेत रात्रीच्या गस्ती, प्रत्येक कृष्णवर्णीयाकडे परवाना मागणारे लोक. पोचला तरी १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला उत्तरेतूनही पकडून परत आणता येत असे. मागे बायको-मुलं, ती स्नाइप्सच्या हातात. शिवाय हॉर्टनची प्रसिद्धीच त्याच्या आड येणारी. तीन राज्यांतल्या जमीनदारांची पोरं ज्याला चेहऱ्याने ओळखतात तो लपणार कुठे?

आणि माझ्या मते आणखी एक कारण आहे, कवीचं. त्याला पळून नाव बदलून राहायचं नव्हतं. त्याला जॉर्ज मोझेस हॉर्टन म्हणून मुक्त व्हायचं होतं. म्हणून तो पत्रं लिहीत राहिला.

पण मदत करणारे गोरे होतेच की!

होते. त्यांच्याकडेही सरसकट न पाहता एकेकट्याकडे पाहावं लागतं.

विद्यापीठाचा अध्यक्ष डेव्हिड स्वेन पूर्वी राज्याचा गव्हर्नर होता आणि हॉर्टनशी तो सौजन्याने वागे. १८४४ मध्ये हॉर्टनने बॉस्टनचा गुलामगिरीविरोधी संपादक विल्यम लॉइड गॅरिसन याला पत्र लिहिलं आणि पुढे पाठवायला विश्वासाने स्वेनकडे दिलं. १८५३ मध्ये न्यू यॉर्कचा संपादक होरेस ग्रीली याला दुसरं पत्र, सोबत कवितेतून विनवणी : या बेड्या गळून पडू देत, मला मुक्त होऊ दे. तेही स्वेनकडेच दिलं. दोन्ही पत्रं स्वेनच्या कागदपत्रांत सापडली. त्याने ती टपालात टाकलीच नव्हती. फाडलीही नाहीत, हे विशेष. नीट जपून ठेवली. स्वेननेच आपल्याला विकत घ्यावं, अशीही गळ हॉर्टनने त्याला घातली होती. तेही झालं नाही.

कॅरोलिन हेंट्झचं वळण याहून विचित्र. तिचं पहिलं मूल गेलं तेव्हा हॉर्टनने विलापिका रचली आणि ती ऐकून ती गहिवरली होती. त्याच्यासाठी तिने जे केलं ते खरं होतं, ते नाकारता येत नाही. पुढे तिचं बरंचसं आयुष्य दक्षिणेतच गेलं आणि १८५४ मध्ये तिने गुलामगिरीची बाजू घेणारी कादंबरी लिहिली. दयाळू मालक, समाधानी गुलाम, वगैरे. एका गुलामाची स्वातंत्र्याची कविता स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेल्या बाईने.

मला यात ढोंग दिसत नाही. असतं तर सोपं झालं असतं. या लोकांना हॉर्टन आवडत होता आणि ती व्यवस्थाही मान्य होती. एका गुलामावर मेहेरबानी करणं आणि गुलामगिरी टिकवणं यांत त्यांना विसंगती जाणवत नव्हती. किंबहुना मेहेरबानी करता येते हाच त्यांच्या लेखी व्यवस्था चांगली असल्याचा पुरावा. फ्लोरिडाच्या वाक्यामागेही मला तोच जुना सूर ऐकू येतो.

प्रेमकविताच का? आणि त्या चांगल्या आहेत का?

गुलामाने बंडाची कविता लिहावी ही आपली अपेक्षा. ती बसल्याजागी करायला सोपी आहे. हॉर्टनची गिऱ्हाइकं गुलामांच्या मालकांची मुलं होती, छापखाने दक्षिणेत होते, आणि १८३० नंतर गुलामांना चिथावणारं काही छापणं-वाटणं हा जबर शिक्षेचा गुन्हा होता. १८४५ चा दुसरा संग्रह हिल्सबरोमध्ये डेनिस हार्टच्या छापखान्यात निघाला. त्यात गुलामगिरीचं नाव घेऊन केलेली तक्रार जवळजवळ नाही. पण त्यातच गाडीच्या म्हाताऱ्या घोड्याची कविता आहे. घोडा स्वतः बोलतो :

जुंपलेला घोडा मी,
बळ असो वा नसो,
मागून हुकूम एकच :
चल पुढे, चल पुढे.

कडव्यामागून कडवं हेच पालुपद येत राहतं. कुठल्याही सेन्सॉरला यात आक्षेपार्ह काही सापडणार नाही.

दर्जाबद्दल सरळ सांगायचं तर त्याच्या मागणीनुसार केलेल्या प्रेमकविता बहुतेक बेतीव आहेत : तारे, गुलाब, उसासे. शब्दकोश भेट मिळालेल्या माणसाची जड शब्दांची हौसही जागोजाग दिसते. अठराव्या शतकातल्या कवींची भारदस्त भाषा त्याने फार मनावर घेतली होती. पण जिथे तो स्तोत्रांच्या साध्या चालीवर येतो, किंवा स्वतःबद्दल बोलतो, तिथे आवाज लखलखीत होतो. 'जॉर्ज मोझेस हॉर्टन, स्वतः' या नावाची त्याची उतारवयातली एक कविता आहे. मी म्हातारा झालो आहे, गेलेलं परत मिळणार नाही हे मला कळतं, असं तो म्हणतो; प्रतिभा लहानपणापासून पाखरासारखी काळजात फडफडत राहिली, कोंडलेली असल्याने तिला बळ वापरता आलं नाही. वाया गेलेल्या वर्षांचा हिशेब मांडताना तो रडत नाही, आणि हिशेब सोडूनही देत नाही.

१८६५ आणि त्यानंतर

उत्तर आणि दक्षिणेतलं, गुलामगिरी संपवणारं यादवी युद्ध सरत आलं होतं. एप्रिल १८६५ मध्ये उत्तरेचं घोडदळ चॅपेल हिलमध्ये शिरलं. हॉर्टन तेव्हा सदुसष्टीचा. नवव्या मिशिगन घोडदळाच्या विल बँक्स नावाच्या तरुण कॅप्टनशी त्याचं जमलं आणि म्हातारा कवी फौजेबरोबर चालू लागला. त्या काही महिन्यांच्या वाटचालीत त्याने नव्वदच्या आसपास नव्या कविता केल्या. त्यात पुन्हा शिपायांच्या बायकांसाठी, प्रेयसींसाठी केलेल्या आहेतच, पण आता लिंकनवर, युद्धावर आणि पराभूत दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसच्या फजितीवरही आहेत. जुन्या धरून १३२ कवितांचा 'नेकेड जीनियस' हा संग्रह त्याच वर्षी रॅलेतून निघाला. 'कुठल्या दैवी हक्काने माणूस माणसावर हुकूम गाजवतो?' हा प्रश्न तो इथे घोड्याच्या तोंडून न विचारता स्वतःच्या तोंडून विचारतो.

(जाता जाता : गावात शिरलेल्या त्या घोडदळाचा सेनापती स्मिथ अ‍ॅटकिन्स अध्यक्ष स्वेनच्या मुलीच्या प्रेमात पडला आणि ऑगस्टमध्ये त्यांचं लग्न झालं. गावाने स्वेनला त्याबद्दल बोल लावले. न पाठवलेल्या पत्रांबद्दल कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.)

मुक्त झाल्यावर हॉर्टन उत्तरेला फिलाडेल्फियात गेला. १८६६ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांच्या बॅनेकर इन्स्टिट्यूटने त्याच्यासाठी सभा घेतली. पण सुशिक्षित, शहरी मंडळींना हा रांगडा आणि स्वतःविषयी भरभरून बोलणारा म्हातारा फारसा झेपला नाही. त्यानंतर त्याचं पुस्तक निघालं नाही. मृत्यूचं साल सहसा १८८३ च्या सुमाराचं दिलं जातं.

आज नॉर्थ कॅरोलायनाच्या साहित्यिक दालनात त्याचा समावेश आहे आणि ज्या विद्यापीठात तो फळं विकत असे तिथल्या एका वसतिगृहाला त्याचं नाव आहे. शोध अजून चालू आहे : २०१७ मध्ये न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीच्या एका जुन्या कात्रणवहीत त्याच्या हस्ताक्षरातला, १८५० च्या दशकातला एक निबंध जोनाथन सेंचिन या प्राध्यापकाला सापडल्याचं जाहीर झालं. त्याचे संग्रह नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. सुरुवात १८४५ च्या आत्मकथनापासून करावी. इंग्रजी थोडं अवजड आहे, पण जाळापुढची अक्षरं आणि नांगरामागच्या कविता त्याच्याच शब्दांत तिथे भेटतात. मग घोड्याची कविता, मग इस्टेटीच्या वाटणीची. प्रेमकविता शेवटी वाचल्या तरी चालतील.